भाच्याच्या बोटीला इंजिन कोणते घ्यावे?

या पानावर आम्ही एरवी शाळेच्या फिया, लग्नातला वायफळ खर्च, जुना फ्रीज दुरुस्त करावा की काढून टाकावा असल्या गोष्टी लिहितो. बोटीच्या इंजिनावर लिहिण्याची पाळी येईल असे आम्हाला कधी वाटले नव्हते. पण आमच्या आपाचा मुलगा चौदा वर्षे कुवेतला एसीची कामे करून परत आला, आणि येताना डोक्यात बोट घेऊन आला. पुढचे तीन महिने आमच्या खानदानात दुसरा विषय निघाला नाही. अशा वेळी घरात काय काय होते, हे आमच्या वाचकांपैकी निम्म्या घरांना ठाऊक असेल. गल्फचा पैसा एकदाच हातात येतो. तो चुकीच्या जागी गेला की माणूस पुन्हा विमानात बसतो.

आपाचे घर चिपळूणच्या खाली, वाशिष्ठीच्या खाडीकाठी. इथून दाभोळच्या मुखापर्यंत खाडी वळणे घेत जाते. दोन्ही काठांना तिवरे, मधे बेटे, चिखलावर पडलेल्या मगरी. या मगरी बघायला हल्ली पुण्यामुंबईची माणसे येतात. मुखाशी दाभोळ, तिथली शाही मशीद. लोक तिला अंडा मशीद म्हणतात. भाच्याचे गणित असे, की पाहुण्यांना आरामात बसवून खाडी दाखवायची आणि घरी राहून कमवायचे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले, तेव्हा तो कुवेतला मोबाईलवर आपल्या गल्लीतले पाणी बघत बसला होता. हातात बोट असती तर, हे त्याच्या मनात तेव्हापासूनच असावे. तो बोलत नाही, पण आम्ही मामू आहोत, आम्हाला कळते.

त्याने घेतली ती पाँटून बोट. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन बंद गोल नळ्या शेजारी शेजारी ठेवायच्या, त्यांच्यावर सपाट ओटा, ओट्यावर बाक आणि छप्पर. बस, एवढीच ती. अमेरिकेत मिनेसोटामधल्या अँब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्याने १९५२ च्या सुमारास लोखंडी पिंपांच्या दोन रांगांवर लाकडी फळ्या ठोकून अशी बोट तळ्यात सोडली आणि तिथून ही जात वाढली. आम्ही प्रथम नाक मुरडले. तराफ्याला बाक लावल्यासारखे दिसते. पण आपा तिच्यावर चढली आणि आमचे तोंड बंद झाले. आपाचे गुडघे गेलेले. साध्या होडीत उतरायचे तर दोघांनी धरावे लागते, होडी डुलते, ती घाबरते, आणि मग "मी काठावरच बरी" म्हणून मागे राहते. इथे ती धक्क्यावरून सरळ चालत गेली, जशी एखाद्या ओसरीवर जावी. बायका, म्हातारी माणसे, कडेवरची पोरे यांना ही बोट सोयीची, यात वाद नाही.

वाद इंजिनाचा होता. बोट बिनइंजिनाची आली होती, कारण पैसे तिथवरच पुरले.

घरात तीन पक्ष पडले. भाच्याच्या चाचांनी एका मच्छीमाराकडचे जुने २५ एचपीचे टू-स्ट्रोक मशीन बघून ठेवले होते. नव्याच्या निम्म्याहून कमी किंमत. "पाण्यात ढकलायला एवढे बस," असे त्यांचे म्हणणे. दुकानदाराने फोनवर ११५ चे नाव घेतले. आणि भाच्याच्या मनात होते नवे ६० चे, बँकेच्या कर्जावर. आम्ही दोन्ही बाजूंची मर्जी राखून बसलो असतो, पण आपाने आम्हाला जेवायला बोलावून सरळ सांगितले, "तू सगळ्यांना लिहून सल्ले देतोस ना? आता घरच्यांना दे."

तेव्हा आम्ही वही काढली.

दुकानदाराचे ११५ आधी निकालात निघाले. प्रत्येक बोटीवर बनवणाऱ्याने एक पट्टी ठोकलेली असते. किती माणसे, किती वजन, जास्तीत जास्त किती एचपी. या बोटीवर ९० लिहिले होते. त्याच्यावर जाणे म्हणजे मागच्या सांगाड्यावर न झेपणारा भार आणि विम्याला फाटा. बोट न बघता इंजिनाचा आकडा सांगणाऱ्याचा सल्ला आम्ही मोजतच नाही.

मग वजन मांडले. बोट बाकांसकट ८५० किलो. बारा पाहुणे आणि दोन माणसे बोटीवरची, सरासरी ७० किलो धरून ९८०. पेट्रोल ५० लिटर म्हणजे ३७ किलोच्या आसपास. इंजिन ११५. नांगर, बॅटरी, जॅकेटे मिळून ६०. बेरीज दोन टनांच्या किंचित वर. भाच्याने टेप लावून नळ्या मोजल्या. २४ इंच रुंद, सुमारे सात मीटर लांब. दोन्ही नळ्या पूर्ण बुडाल्या तर चार टनांच्या आसपास पाणी सारतील, म्हणजे भरलेली बोट नळीच्या निम्म्यापर्यंत बसणार. हे ठीक. याच्यापेक्षा जास्त बुडवायची नाही, मग पाहुणे कितीही म्हणोत की आमची अजून तीन माणसे आहेत.

आता हे दोन टन किती जोराने ढकलायचे? चाचांचे म्हणणे शांत तळ्यात खरे ठरले असते. २५ चे मशीनही भरलेली बोट ताशी आठ-दहा किलोमीटरने नेईल. पण वाशिष्ठी तळे नव्हे. कोयनेच्या वीजगृहातून सोडलेले पाणी पोफळीकडून याच नदीत येते, त्यामुळे उन्हाळ्यातही वरून प्रवाह असतो, आणि त्यात ओहोटी मिळाली की खाडी खाली धावत सुटते. भाच्याने अमावास्येच्या उधाणाला एक रिकामे शहाळे पाण्यात टाकले आणि काठाने १०० मीटर चालत घड्याळ लावले. ७० सेकंद. हिशेब केला तर ताशी पाच किलोमीटर. म्हणजे २५ चे मशीन पूर्ण ताणून धक्क्याकडे येताना निम्मा जोर पाण्याशी भांडण्यातच घालवणार. शिवाय पाँटूनचा एक दोष आहे. ती पाण्यात खोल बसत नाही आणि वर छप्पर, कठडे, पडदे. वाऱ्याला ती शिडासारखी सापडते. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की तिला सरळ ठेवायलाच जोर लागतो. इंजिन घेताना पळण्याचा वेग बघायचा नाही, वारा आणि ओहोटी दोन्ही अंगावर असताना धक्क्याला लागता येईल का हे बघायचे, एवढे आम्ही वहीत लिहून खाली रेघ मारली.

चाचांना पटले नाही. त्यांचा मुद्दा पेट्रोलचा होता. मोठे मशीन जास्त पिणार, हे कोणालाही वाटते. पण तसे होत नाही. फोर-स्ट्रोक इंजिन पूर्ण ताणले तर ६० एचपीला तासाला ढोबळमानाने २२ लिटर लागतात. ते निम्म्या जोरावर चालवले तर नऊ-दहा लिटरवर येते. २५ चे टू-स्ट्रोक मात्र या बोटीवर कायम ताणूनच चालणार, आणि ते तासाला बारा लिटरच्या घरात जाते, शिवाय त्याच्या पेट्रोलात ऑइल मिसळावे लागते ते वेगळे. घामाघूम होऊन धावणारा लहान बैल आणि सावकाश चालणारा मोठा बैल. एवढे सांगितल्यावर चाचा हसले. ते शेतकरी आहेत.

टू-स्ट्रोकची बाजूही सांगितली पाहिजे. ते हलके, साधे, कुठलाही मिस्त्री उघडून बसवतो. आमच्या किनाऱ्यावर मच्छीमारांचे संसार त्याच्यावर चालले. पण पाहुण्यांच्या मागे धूर आणि आवाज बसला तर मगरी पाण्यात आणि पाहुणे दुसऱ्या बोटीवर. दुसरे असे, की ते जुने मशीन हातात दांडा धरून चालवायचे होते आणि त्याचा शाफ्ट आखूड होता.

हा शाफ्टचा मुद्दा कोणी सांगत नाही, म्हणून थोडे थांबतो. आऊटबोर्डचे पाय ठरावीक लांबीचे येतात. १५ इंच, २० इंच, २५ इंच. बोटीच्या मागे इंजिन लटकवायची जी फळी असते तिची उंची मोजून त्याप्रमाणे घ्यायचे. भाच्याच्या बोटीची फळी २० इंची होती आणि चाचांचे मशीन १५ चे. पंख्याच्या वर एक आडवी चकती असते, ती इंजिन लावलेल्या भागाच्या तळाशी समपातळीत किंवा इंचभर खाली यायला हवी. वर राहिली तर पंखा पाण्याबरोबर हवा ओढतो, मशीन नुसते किंचाळते आणि बोट जागची हलत नाही. पाँटूनवर हे हमखास होते, कारण मगर दिसली की सगळे पाहुणे धावत नाळेकडे जातात, पुढचा भाग दबतो आणि मागचा उचलला जातो. नेमके तेव्हाच तुमच्या हातात इंजिन हवे असते.

म्हणजे ठरले ६० च्या आसपास, फोर-स्ट्रोक, २० इंची, चाकाने वळणारे, बटणावर सुरू होणारे, बटणावर वर उचलले जाणारे. तरी एक निवड बाकी होती. त्याच ६० एचपीत दोन प्रकार मिळतात. एक साधे, हलक्या धावत्या बोटींचे. दुसरे जड बोटींचे. त्याला यामाहावाले हाय थ्रस्ट म्हणतात, मर्क्युरीवाले कमांड थ्रस्ट. इंजिन तेच, खालचा गिअर वेगळा. साध्यात इंजिन साधारण १.८ फेरे फिरले की पंखा एक फेरा फिरतो. जडवाल्यात २.३३ फेऱ्यांना एक. पंखा हळू फिरतो पण मोठा असतो आणि जास्त पाणी ढकलतो. डोंगर चढताना ट्रकचा ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो, तेच. मागे घेताना, धक्क्याला लावताना, वाऱ्यात वळताना याचा उपयोग. पाँटूनला हाच प्रकार घ्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. किमतीत फरक पडतो, पण तो वाचवून पुढे रोज भोगण्यात काय अर्थ.

आता पैसा. खरी गोष्ट इथेच होती.

जुम्याच्या दिवशी जेवणे झाल्यावर सगळे बसले. भाच्याने बँकेच्या हप्त्याचा कागद काढला. व्याजाचा आकडा वाचून दाखवताना त्याचा आवाज खाली गेला. त्यालाही ते नको होते. आपा उठून आत गेली आणि रुमालात बांधून आपल्या बांगड्या घेऊन आली. कोणी काही बोलेना. आम्ही ती गाठ न सोडताच परत तिच्या मांडीवर ठेवली. आईच्या बांगड्या विकून आणलेले इंजिन पहिल्या बिघाडाला घरात किती बोचेल, याचा विचार तरुण माणसाला सुचत नाही.

तेव्हा भाच्याची बायको दाराआडून म्हणाली, "मामू, एक विचारू? इंजिन खाडीत मधेच बंद पडले तर काय करायचे?"

आठवडाभर आम्ही चार पुरुष एचपी, गिअर, पेट्रोल करत होतो. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ओहोटीत बारा माणसांची बोट इंजिनाविना म्हणजे ताशी पाच किलोमीटरने मुखाकडे जाणारा तराफा. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूरला ७ मे २०२३ च्या संध्याकाळी सहलीची बोट उलटली आणि २२ जण गेले. लहान मुले होती त्यात. एका घरातली कितीतरी माणसे एकदम गेली. ती मासेमारीची बोट बदलून केलेली होती आणि तिच्यात माणसे कोंबली होती. तिथे इंजिन बंद पडले नव्हते, हे आम्हाला माहीत आहे. पण पाण्यावरचा धंदा मांडणाऱ्या घरात त्या दिवसाची आठवण निघणे बरे असते.

सूनबाईच्या त्या प्रश्नाने यादीच बदलली. नांगर वजनदार हवा, आणि त्याचा दोर खाडीच्या खोलीच्या निदान पाचपट. तो नाळेवर मोकळा ठेवायचा, बाकाखाली बांधून नाही. चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची लाल दोरी, जी निसटली की इंजिन बंद होते, ती रोज लावायची. आणि बाजूला एक छोटे ९.९ चे मशीन, स्वतंत्र टाकीचे. चाचांचे २५ चे जुने मशीन इथे पुन्हा आले. हेच दुसरे म्हणून लावू, असे ते म्हणाले. पण त्याचा शाफ्ट आखूड तो आखूडच, आणि मिस्त्रीने तपासले तर एका सिलिंडरचा दाब दुसऱ्यापेक्षा बराच कमी निघाला. दोघांत दहा टक्क्यांवर फरक म्हणजे आतून झिजलेले. गिअरचे ऑइल दुधासारखे पांढरे झालेले होते, म्हणजे पाणी शिरलेले. चाचांनी मुकाट्याने विसार परत मागितला. तो मिळाला, हे त्या मच्छीमाराचे मोठेपण.

पैशाचा मार्ग असा निघाला. आम्ही, भाच्याचा मेहुणा आणि चाचा, तिघांनी मिळून इंजिनापुरते भांडवल घातले. बोट भाच्याची, मेहनत भाच्याची. नफा ठरल्या हिश्शाने, तोटा झाला तर ज्याने जितके घातले त्या प्रमाणात. तीन वर्षांत भाचा आमचे हिस्से हळूहळू विकत घेईल. हे सगळे स्टॅम्पपेपरवर लिहिले. चाचा म्हणाले, "घरच्या घरात कागद कशाला?" आम्ही म्हणालो, घरच्या घरात म्हणूनच. आणखी एक अट आम्ही घातली. इंजिन जितके तास चालेल, त्या दर तासामागे ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात. इंजिन झिजते, आणि झिजेचा पैसा नफा समजून खाल्ला तर पाच वर्षांनी पुन्हा बँकेचे दार.

खरेदीच्या दिवशी एक गंमत झाली. गंमत म्हणायची पद्धत म्हणून. विक्रेता म्हणाला, "बिलावर खासगी वापर लिहू या, वॉरंटी जास्त वर्षांची मिळते. धंद्याचे लिहिले तर कमी." भाच्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही, वय झाले आहे त्याचे. तो म्हणाला, "धंदा आहे तर धंदाच लिहा." आम्हाला बरे वाटले. एरवीही ती युक्ती फसवी आहे. इंजिनाच्या संगणकात तास नोंदवले जातात आणि पाहुण्यांच्या बोटीचे तास घरगुती बोटीसारखे दिसत नाहीत. बोटीचा परवाना, तपासणी, विमा, चालकाचे प्रमाणपत्र ही कामे आधीच सुरू केली होती. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आला आहे. कागद पूर्ण होईपर्यंत एकही पाहुणा बसवायचा नाही, हे आपाचे फर्मान.

पेट्रोलबद्दल एक सूचना, कारण ही गोष्ट पंपावर कोणी सांगणार नाही. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आऊटबोर्डच्या पुस्तिकांत साधारणपणे १० टक्क्यांपर्यंतच चालेल असे लिहिलेले असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि खाडीवर ओलावा काही कमी नाही. पाणी टाकीच्या तळाशी साचते आणि नेमके ऐन वेळी इंजिनात जाते. म्हणून आपल्या इंजिनाची पुस्तिका वाचा, कंपनीला लेखी विचारा, टाकी आणि इंजिनाच्या मधे पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवा, आणि पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नका. पावसाळ्यात बोट वर काढली की टाकी रिकामी.

चाचणीला आम्ही बारा जण चढलो, सगळे घरचे. पहिले दहा तास इंजिन जपून चालवायचे असते, ते झाले होते. पूर्ण ताण दिला तर काटा ४,७०० वर अडकला. पुस्तिकेत ५,००० ते ६,००० लिहिलेले. भाच्याचा चेहरा पडला, त्याला वाटले इंजिन कमजोर. दोष पंख्याचा होता. दुकानातून लावून दिलेला पंखा १४ इंच पिचचा होता, म्हणजे एका फेऱ्यात कागदावर १४ इंच पुढे सरकणारा. हलक्या बोटीला ठीक. जड बोटीला तो चढावर चौथा गिअर टाकल्यासारखा. पिच इंचभर कमी केला की दीडशे-दोनशे फेरे वाढतात. ११ चा बसवला, काटा ५,३०० वर गेला. पंखा बदलून द्यायला विक्रेत्याने आधी कां-कूं केले, पण खरेदीआधीच भाच्याने "भरलेल्या बोटीवर चाचणी होईपर्यंत पंखा बदलता येईल" असे लिहून घेतले होते. वाचकांनी हे वाक्य जरूर लिहून घ्यावे. तोंडी हो म्हणणारे नंतर फोन उचलत नाहीत.

आता संध्याकाळी शेवटची फेरी झाली की भाचा इंजिन पाण्याबाहेर उचलतो आणि विहिरीच्या पाण्याची नळी लावून दहा मिनिटे आतले खारे पाणी धुतो. खाडीचा गाळ आणि मीठ आतल्या रबरी पात्याला खातात. इंजिनाच्या बाजूने पाण्याची बारीक पिचकारी सतत उडत असते, तिच्यावर त्याने घरातल्या पोरांना नजर ठेवायला शिकवले आहे. ती मंदावली की ओरडायचे. इंजिनाला आणि नळ्यांना जस्ताचे ठोकळे लावले आहेत. खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या आधी ते झिजतात. निम्मे झिजले की बदलायचे. २० तासांची पहिली सर्व्हिस झाली, पुढची १०० वर आहे. छोटे ९.९ चे मशीन तो आठवड्यातून एकदा उगाचच सुरू करतो, कारण न वापरलेले मशीन हाकेला ओ देत नाही.

गेल्या रविवारी आपा दाभोळपर्यंत जाऊन आली. लग्न होऊन ती या गावात आली त्याला चव्वेचाळीस वर्षे झाली आणि खाडीचे मुख तिने पहिल्यांदा पाहिले. परत येताना ओहोटी लागली होती, वाराही होता. ती सूनबाईला म्हणाली, "इंजिन चालू आहे ना गं? आवाजच येत नाही." सूनबाईने मागे वळून पिचकारी बघितली आणि चालू आहे म्हणून सांगितले.